खर्जाचे तोंड कोणत्या दिशेला? मोटारीतील सबवूफरचा इतिहास

१) मोटारीची डिकी उघडावी आणि आत गालिचाच्या कापडाने मढवलेली लाकडी पेटी दिसावी, हे दृश्य आता नवे नाही. मात्र त्या पेटीकडे नीट पाहिल्यास एक विसंगती जाणवते. श्रोते पुढच्या आसनांवर बसलेले असतात आणि पेटीतील सबवूफरचे तोंड बहुधा मागच्या दिव्यांकडे असते. कधी ते छताकडे, तर कधी जमिनीकडे असते. काही मोटारींत तर सबवूफर उलटा बसवलेला असून त्याचे चुंबक बाहेर दिसते. असे का केले जाते? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना सुमारे १०० वर्षांचा इतिहास उलगडत जातो. त्यात प्रयोगशाळा आहेत, गॅरेज आहेत आणि शेवटी न्यायालयेही आहेत.

२) आरंभ १९२५ मध्ये होतो. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी त्या वर्षी एका नव्या ध्वनिवर्धकावरील शोधनिबंध मांडला. चुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे, त्याला जोडलेला कागदी शंकू, आणि वेटोळ्यातून वाहणारा बदलता विद्युतप्रवाह. प्रवाह एका दिशेने गेला की शंकू पुढे सरकतो, उलट गेला की मागे. फिरत्या वेटोळ्याची कल्पना त्याआधीची होती. राइस आणि केलॉग यांनी तिला व्यवहारात उपयोगी पडेल असे रूप दिले. आजच्या डिकीतील सबवूफरही याच तत्त्वावर चालतो.

३) या रचनेत एक अडचण जन्मजात होती. शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ होते. म्हणजे एकाच शंकूपासून परस्परविरोधी असे दोन ध्वनी निघतात. उंच स्वरांच्या लहरी आखूड असल्याने त्यांच्या बाबतीत फारसे बिघडत नाही. खर्जाच्या लांब लहरी मात्र शंकूच्या कडेला वळसा घालून एकमेकींना भेटतात आणि परस्परांना नाहीसे करतात. उघडा ध्वनिवर्धक हातात धरून वाजवला की आवाज पत्र्यासारखा येतो, त्याचे कारण हेच.

४) त्यावरचा उपाय म्हणजे पुढची आणि मागची हवा एकमेकींपासून वेगळी करणे. प्रथम मोठी फळी वापरली गेली, नंतर बंद पेटी आली. १९३० मध्ये बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांनी आणखी एका युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३२ मध्ये ते मंजूर झाले. पेटीला एक मोजून-मापून भोक ठेवायचे. पेटीतील हवा स्प्रिंगसारखी आणि भोकातील हवा वजनासारखी वागते. एका ठरावीक वारंवारतेच्या आसपास शंकूच्या पाठीमागचा ध्वनी उलटा न राहता समोरच्या ध्वनीला साथ देऊ लागतो. डिकीतल्या पेट्यांना आज जी नळी दिसते, तिचे मूळ येथे आहे.

५) याच सुमारास रेडिओ मोटारीत शिरला. शिकागो येथील पॉल गॅल्विन यांनी १९३० मध्ये आपल्या मोटारीत रेडिओ बसवला आणि ते अटलांटिक सिटी येथे भरलेल्या रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनाला गेले. त्यांनी आपली मोटार बाहेर उभी करून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रतिनिधींना रेडिओ ऐकवला. या रेडिओला त्यांनी दिलेले नाव होते ‘मोटोरोला’. पुढे तेच कंपनीचे नाव झाले.

६) त्या काळचा मोटार-रेडिओ बसवणे म्हणजे लहानसे बांधकामच होते. रेडिओ एका जागी, ध्वनिवर्धक डॅशबोर्डच्या खाली वेगळा आणि रेडिओच्या नळ्यांना लागणाऱ्या उच्च दाबासाठी वेगळ्या बॅटऱ्या जमिनीखाली. अमेरिकी मोटारींची विद्युतव्यवस्था तेव्हा बहुधा ६ व्होल्टची असे. अनेक मोटारींत बॅटरीचे ऋण टोक नव्हे, तर धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. कोणती तार कोठे जोडायची, हा प्रश्न मोटारीतील ध्वनीच्या इतिहासात पहिल्या दिवसापासून आहे.

७) त्या काळातील ध्वनिवर्धक मुख्यतः बोलणे ऐकण्यासाठी होते. बातम्या, नाट्यप्रसंग आणि गाणी ऐकू आली की श्रोत्यांचे समाधान होत असे. खोल खर्ज मोटारीत येण्यासाठी आधी तो घरात यावा लागला, आणि घरातील पेट्या तेव्हा कपाटाएवढ्या असत. खर्ज हवा असेल तर जागा द्यावी लागेल, अशी समजूत रूढ होती.

८) १९५४ मध्ये ही समजूत ढासळली. एडगर व्हिल्चर यांनी हेन्री क्लॉस यांच्या साथीने मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि ‘एआर-१’ हा ध्वनिवर्धक बाजारात आणला. व्हिल्चर यांनी शंकूला धरून ठेवणारा कापडी आधार मुद्दाम सैल ठेवला. शंकूला जागेवर परत आणण्याचे काम त्यांनी हवाबंद पेटीतल्या हवेवर सोपवले. हवेची स्प्रिंग कापडाच्या स्प्रिंगपेक्षा अधिक नियमित वागते. त्यामुळे पुस्तकांच्या फडताळात मावेल अशा पेटीतून स्वच्छ खर्ज निघू लागला. लहान पेटीतून खोल खर्ज निघतो हे एकदा सिद्ध झाल्यावर मोटारीचे दारही उघडले.

९) तरीही पेटी किती मोठी असावी, हा बराचसा अंदाजाचा आणि हाताच्या सवयीचा भाग होता. त्याला गणिताची शिस्त लावण्याचे काम ऑस्ट्रेलियात झाले. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये भोक असलेल्या पेट्यांवरील आपला निबंध एका ऑस्ट्रेलियन नियतकालिकात प्रसिद्ध केला. विद्युत-गाळण्यांचे तयार गणित त्यांनी पेटीला लावून दाखवले. पुढची अनेक वर्षे या निबंधाकडे जगाचे फारसे लक्ष गेले नाही.

१०) सिडनी विद्यापीठात संशोधन करणारे रिचर्ड स्मॉल यांनी हे काम पुढे नेले. १९७१ मध्ये थील यांचा निबंध अमेरिकेतील ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत स्मॉल यांची लेखमालाही तेथेच आली. शंकूची नैसर्गिक वारंवारता, आधाराचा मऊपणा, चुंबकाची पकड अशा मोजक्या संख्या हाती असल्या, तर पेटीचे आकारमान आधीच ठरवता येते, हे त्यातून स्पष्ट झाले. आज सबवूफरच्या खोक्यावर छापलेल्या तांत्रिक तक्त्यात ‘थील-स्मॉल’ ही जोडी दिसते ती यामुळेच. बंद खोलीतले विद्वानांचे गणित गॅरेजमधील कारागिराच्या हाती आले.

११) दरम्यान मोटारीतील संगीताची साधने बदलत होती. १९६५ च्या सुमारास फोर्ड कंपनीने आपल्या मोटारींत आठ-ट्रॅकची टेप देऊ केली. पाठोपाठ कॅसेट आली. १९७० च्या दशकात मागच्या काचेखालील फळीत ६ बाय ९ इंचांचे लंबगोल ध्वनिवर्धक बसवण्याची पद्धत रूढ झाली. त्यांचे तोंड छताकडे असे आणि पाठ डिकीत. पत्र्याची ती फळी राइस-केलॉग काळातील मोठ्या फळीचे काम करी आणि संपूर्ण डिकी ही पेटी होई. कारागिरांना या तत्त्वाचे नाव ठाऊक असो वा नसो, परिणाम कानाला कळत होता.

१२) आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्यामुळे ४० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी साधारण ८.६ मीटर भरते. मोटारीच्या आतली लांबी मात्र तीनएक मीटरच असते. म्हणजे लहर मोटारीपेक्षा मोठी! अशा वेळी ध्वनी एखाद्या दिशेने ‘फेकला’ जात नाही. संपूर्ण मोटारीतील हवेचा दाब एकत्रच कमी-जास्त होतो. मोठ्या खोलीत वाजवताना सौम्य वाटणारा सबवूफर मोटारीत दणदणीत वाटतो, त्याचे कारण हे आहे.

१३) याच कारणाने इतका खालचा ध्वनी कोठून येतो हे कानाला ओळखता येत नाही. तसे असेल तर तोंड कोणीकडेही असले म्हणून काय बिघडते? बिघडते, कारण सबवूफर केवळ ४० हर्ट्झ वाजवत नाही. तो ८० किंवा १०० हर्ट्झपर्यंत जातो आणि तेथे लहर इतकी आखूड होते की डिकीची मापे तिच्या आड येऊ लागतात.

१४) पेटीचे तोंड पुढे असून मागचा पत्रा शंकूपासून १ मीटरवर आहे, असे समजू. मागे गेलेला ध्वनी पत्र्यावर आदळून परत येतो, म्हणजे २ मीटरचा जादा प्रवास करतो. ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी बरोबर २ मीटर आहे, त्याचे शिखर परतताना दरी बनून पोहोचते. हा स्वर सुमारे ८६ हर्ट्झचा. नेमका तोच स्वर गाण्यातून गळतो. पेटी वळवून शंकू मागच्या पत्र्यापासून ३० सेंटिमीटरवर आणला, तर हीच दरी सुमारे २८६ हर्ट्झवर जाते. तेथपर्यंत सबवूफर वाजतच नाही. मागे तोंड केलेल्या पेटीचे रहस्य एवढेच आहे.

१५) तोंड पुढेच ठेवायचे असेल तर दुसरा मार्ग आहे. पेटी आणि आसन यांच्यामधील सर्व फटी बुजवून डिकी आणि प्रवासी-कक्ष वेगळे करायचे. मग मागे जाण्यास ध्वनीला वाटच उरत नाही. प्रत्यक्षात प्रत्येक मोटारीची डिकी, आसने आणि काचा निराळ्या असतात. म्हणून जुने जाणते कारागीर आजही पेटी पक्की करण्यापूर्वी ती चारही दिशांना फिरवून एकच गाणे पुन्हा पुन्हा ऐकतात.

१६) पिकअप ट्रकमुळे या कथेला वेगळे वळण मिळाले. अमेरिकेच्या ग्रामीण भागात तो घरोघरी होता, पण त्याला डिकीच नव्हती. आसनाच्या पाठीमागे जेमतेम वीतभर जागा. ओक्लाहोमा राज्यातील स्टिलवॉटर येथे स्टीव्ह अर्बी यांनी १९८० मध्ये अशा ट्रकांसाठी ‘किकर’ ही तयार पेटी आणली. पुढे आसनामागच्या तिरक्या पाचरीसारख्या पेट्या आणि आसनाखालच्या चपट्या, जमिनीकडे तोंड असलेल्या पेट्या प्रचारात आल्या. लुइझियानातील बॅटन रूज येथून ‘बझूका’ नावाच्या नळकांडी पेट्या आल्या. त्यांचे तोंड मोटारीच्या कोपऱ्याकडे ठेवले जाई, कारण कोपऱ्यातल्या भिंती खर्जाला आधार देतात. दिशा ठरवण्यात जागेच्या अडचणीचा वाटा ध्वनिशास्त्राइतकाच मोठा होता.

१७) जमिनीकडे तोंड केले तर शंकू स्वतःच्या वजनाने लोंबणार नाही काय? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आकड्यांत देता येते. शंकू किती खाली येईल हे केवळ त्याच्या नैसर्गिक वारंवारतेवर अवलंबून असते. ती २५ हर्ट्झ असल्यास शंकू सुमारे ०.४ मिलिमीटर खाली येतो, १५ हर्ट्झ असल्यास सुमारे १.१ मिलिमीटर. व्हिल्चर यांच्या पद्धतीच्या सैल आधाराच्या, थोडेच हलणाऱ्या शंकूंना हे जाचक ठरे. आजचे सबवूफर दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक हलतात. त्यांना ०.४ मिलिमीटरची फिकीर नसते. जमीन आणि शंकू यांत पुरेसे अंतर सोडणे मात्र आवश्यक असते.

१८) उलट्या सबवूफरची गोष्ट तारांशी जोडलेली आहे. चुंबक बाहेर ठेवले की पेटीतील जागा वाचते आणि चुंबकाला वाराही लागतो. पण शंकूची दिशा बदलल्याने त्याचे ‘पुढे’ हे मोटारीच्या दृष्टीने ‘मागे’ होते. शेजारचा सबवूफर सरळ असेल आणि दोघांच्या तारा सारख्याच जोडल्या, तर एक हवा दाबतो आणि दुसरा ओढतो. हजारो रुपये खर्चून खर्ज नाहीसा होतो. म्हणून उलट्या सबवूफरच्या धन-ऋण तारांची अदलाबदल करावी लागते. काही जण हे मुद्दाम करतात, कारण एका शंकूच्या हालचालीतील असमतोल दुसऱ्याच्या उलट असमतोलाने बराचसा भरून निघतो.

१९) या युक्तीचे एक जुने रूप आरसीए कंपनीतील हॅरी ओल्सन यांच्या नावाने ओळखले जाते. दोन सारखे ध्वनिवर्धक एकामागे एक किंवा समोरासमोर जोडायचे आणि त्यांनी एकत्रच हलावे अशी व्यवस्था करायची. समोरासमोर जोडल्यास एकाच्या तारा उलट कराव्या लागतात. दोन ध्वनिवर्धकांचा खर्च करून पेटी मात्र निम्म्या आकारमानाची पुरते. जागेच्या टंचाईत असलेल्या मोटारवाल्यांना हा सौदा अनेकदा परवडला.

२०) तारेच्या ध्रुवतेबाबत तर उत्पादकांतही एकमत नव्हते. लाल टोकाला बॅटरीचे धन टोक लावल्यास शंकू बाहेर यावा, ही आजची सर्वमान्य पद्धत आहे. परंतु जेबीएल या प्रख्यात कंपनीचे अनेक ध्वनिवर्धक कित्येक दशके याच्या बरोबर उलट वागत. त्यामुळे मिश्र संच जोडणाऱ्या कारागिरांनी एक सोपी चाचणी अंगवळणी पाडली. दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टोकांना टेकवायचा आणि शंकू बाहेर येतो की आत जातो, ते पाहायचे.

२१) दुसरा प्रश्न शक्तीचा होता. १९५० च्या दशकात अमेरिकी मोटारी १२ व्होल्टवर आल्या. इंजिन चालू असताना हा दाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. एवढ्या दाबावर ४ ओहमच्या ध्वनिवर्धकाला साध्या रचनेतून तात्त्विकदृष्ट्याही साडेसहा वॅटच्या आसपासच शक्ती मिळते. दुहेरी रचना केली तर सुमारे २६ वॅट. खर्जासाठी हे अपुरे होते. म्हणून १९७० च्या दशकापासून ॲरिझोनातील जिम फॉसगेट यांच्यासारख्या अभियंत्यांचे स्वतंत्र अॅम्प्लिफायर लोकप्रिय होऊ लागले. बॅटरीचा दाब आतल्या आत वाढवून घेणारे अॅम्प्लिफायर आले आणि ही मर्यादा मोडली. १९३० च्या रेडिओसमोर जो पेच होता, तोच अर्ध्या शतकाने नव्या रूपात सुटला.

२२) शक्ती वाढवण्याचा आणखी एक मार्ग जोडणीतून निघाला. एका सबवूफरवर ४ ओहमची दोन वेटोळी असतील, तर ती एकसर जोडल्यास ८ ओहम होतात आणि समांतर जोडल्यास २ ओहम. असे दोन सबवूफर असतील तर १, ४ किंवा १६ ओहम असे पर्याय उपलब्ध होतात. ओहम जितके कमी, तितका अॅम्प्लिफायर अधिक प्रवाह देतो. पण त्याच्या क्षमतेबाहेर गेले की तो तापतो आणि जळतो. १,००० वॅट देणारा, निम्मी शक्ती उष्णतेत घालवणारा जुन्या पद्धतीचा अॅम्प्लिफायर बॅटरीकडून सुमारे १३९ अँपिअर मागतो. इतका प्रवाह वाहणारी तार कोठे घासून सांगाड्याला टेकली तर आग लागू शकते. म्हणून फ्यूज अॅम्प्लिफायरजवळ नव्हे, तर बॅटरीजवळ असावा, हा या कलेचा पहिला नियम आहे.

२३) तंत्र तयार होते आणि त्याच वेळी संगीतही त्याच्या भेटीला आले. जपानच्या रोलंड कंपनीचे ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र १९८० मध्ये बाजारात आले आणि १९८३ मध्ये त्याचे उत्पादन बंदही झाले. परंतु त्यातील ढोलाचा लांबणारा खोल खर्ज हिप-हॉपच्या कलाकारांनी उचलला. १९८० च्या दशकाच्या मध्यास फ्लोरिडात ‘मायामी बेस’ ही शैलीच जन्माला आली. ही गाणी घरातल्या लहान संचावर अर्धीच ऐकू येत. पूर्ण ऐकायची तर मोटार हवी. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतील तरुणांसाठी मोटार हेच वाद्य आणि रस्ता हेच सभागृह झाले. १९९० च्या दशकात वेन हॅरिस यांनी ‘डीबी ड्रॅग रेसिंग’ या नावाने कोणाची मोटार किती डेसिबल गाठते, याच्या स्पर्धा सुरू केल्या.

२४) येथून हा इतिहास कायद्याच्या दारात येतो. खर्जाला भिंती अडवत नाहीत. भिंतीची ध्वनिरोधकता वारंवारता निम्मी झाली की साधारण ६ डेसिबलने घटते. गाण्याचे शब्द मोटारीतच राहतात आणि धडधड तेवढी शेजाऱ्याच्या शयनगृहात पोहोचते. तक्रारी वाढल्या आणि अनेक राज्यांनी नियम केले. कॅलिफोर्नियात मोटारीचा ध्वनी ५० फुटांवर ऐकू येणे हा गुन्हा ठरला. फ्लोरिडाने हे अंतर २५ फुटांवर आणले.

२५) फ्लोरिडाच्या कायद्यात एक अपवाद होता. व्यवसायासाठी किंवा राजकीय प्रचारासाठी ध्वनिवर्धक वापरणाऱ्या वाहनांना तो लागू नव्हता. म्हणजे आइस्क्रीमची गाडी आणि उमेदवाराची गाडी मोकळी, गाणे ऐकणारा तरुण मात्र दंडास पात्र. २०१२ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. आवाज कोणत्या आशयाचा आहे यावरून राज्याने भेद करू नये, असा त्या निकालाचा गाभा होता. शेजाऱ्याच्या झोपेचा हक्क न्यायालयाने नाकारला नाही. तो सर्वांविरुद्ध सारखाच वापरला जावा, एवढेच त्याने सांगितले.

२६) महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. पश्चिम महाराष्ट्रात मिरवणुकीतील ट्रकवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. या शब्दामागे एक विलक्षण उपरोध आहे. रे डॉल्बी हे १९६० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात होते. १९६५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा स्थापन केली. त्यांना कीर्ती मिळवून देणारा पहिला शोध ध्वनिफितीतील खरखर कमी करण्याचा होता. अनावश्यक आवाज घटवणाऱ्या माणसाचे नाव मराठीत सर्वांत मोठ्या आवाजाला मिळाले.

२७) भारतातील ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही त्यांतील मर्यादा. रात्र म्हणजे १० ते ६. हे डेसिबल ‘ए’ मापनाने मोजले जातात. त्या मापनाचे मूळ १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी मांडलेल्या आलेखांत आहे. मंद आवाजात मानवी कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे त्यांनी दाखवले होते. त्यावरून घडलेले ‘ए’ मापन खर्जाला मोजणीत कमी किंमत देते. ५० हर्ट्झचा १०० डेसिबलचा शुद्ध स्वर त्या मापकावर सुमारे ७० दाखवतो. ‘सी’ मापनावर तोच स्वर सुमारे ९९ भरतो.

२८) मंद आवाजासाठी बेतलेली ही वजाबाकी प्रचंड आवाजालाही लावली जाते, आणि मापकावरचा आकडा छातीत जाणवणाऱ्या धडधडीपेक्षा बराच कमी दिसतो. खिडक्या थरथरतात, घरातील आजारी माणूस कूस बदलत राहतो आणि नोंद मात्र तेवढी गंभीर वाटत नाही. येथे यंत्र खोटे बोलत नाही. एका काळी एका कामासाठी घेतलेला निर्णय दुसऱ्या काळात दुसऱ्याच कामाला वापरला गेला आहे. मोजमापांनाही इतिहास असतो, आणि तो ठाऊक नसला तर तक्रार करणाऱ्यालाच अतिशयोक्त ठरवले जाते.

२९) डिकीतील पेटीकडे आता पुन्हा पाहता येईल. तिचे बंद लाकूड व्हिल्चर यांचे, नळी थुरास यांची, आकारमान थील आणि स्मॉल यांच्या गणिताचे, तारांची उलटापालट गॅरेजमधील कारागिरांची. मागच्या दिव्यांकडे वळलेले तोंड मोटारीतल्या श्रोत्याला अधिक चांगला खर्ज देते. मोटारीबाहेरच्या माणसाला मात्र तोंडाच्या दिशेने काहीच फरक पडत नाही, ८.६ मीटरची लहर पत्रा, काच आणि भिंत ओलांडून त्याच्यापर्यंत येतेच. पेटी कोणत्या दिशेने बसवायची हे बसवणारा ठरवतो. आवाज किती ठेवायचा, हे ठरवताना त्या बाहेरच्या माणसाचाही विचार व्हावा लागतो.

धागा समाप्त.